सुभेदाराच्या भुंकण्याबाबत

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. वर्धा जिल्ह्यात आहे, सेलूपासून फार लांब नाही, एवढं पुरे. शोधायला येऊ नका. आलात तर पहिल्याच पानठेल्यावर तुम्हाला माझं घर सांगतील, सांगताना हसतील, आणि ते हसणं मला खिडकीतून दिसेल. मे महिन्यापासून मी त्या खिडकीत बसणंच सोडलं आहे.

चूक माझी होती, हेही आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याबद्दल उगाच आशा धरायला नको.

आता मूळ मुद्दा, म्हणजे दुपारची झोप. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार आमच्याकडे माणूस झोपतो. हा आळस नव्हे. बाहेर शेहेचाळीस अंश असताना जो जागा राहतो, त्याच्याकडे आमच्या गावात संशयाने पाहतात. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकायचं, पडदा ओढायचा, बनियनवर आडवं व्हायचं. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आवक-जावक शाखेत मी हे सुख फक्त खुर्चीत बसून, तेही चोरून घेतलं होतं. निवृत्तीनंतर ते राजरोस घ्यायला लागलो, आणि नेमका तेव्हापासून समोरच्या शोभाबाईंचा सुभेदार भुंकायला लागला.

सुभेदार हा कुत्रा. पिवळट रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. शोभाबाईंचे यजमान पुलगावच्या लष्करी डेपोत कामाला होते, त्यांनीच तो पिल्लू असताना आणला आणि हे नाव ठेवलं. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा गजेंद्र पुण्याला असतो. नात रुचिका वर्ध्याला नर्सिंग शिकते, ती शनिवार-रविवारी येते. बाकीचे दिवस त्या घरात शोभाबाई आणि सुभेदार, एवढीच वस्ती.

शोभाबाईंबद्दल माझ्या मनात अढी होती, तेही लपवत नाही. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी फाटकाशी मी त्यांना "नमस्कार बाई" म्हणत असे. त्या झाडाला पाणी घालत असत. दहापैकी आठ वेळा त्या मान वर करत नसत. एखाद्या चपराश्याने असं केलं असतं तर मी लेखी खुलासा मागवला असता. इथे तो मार्ग नव्हता, म्हणून मी मनातल्या मनात मागवत होतो.

तर सुभेदार भुंकायचा. डोळा लागला की एकदम सात-आठ भुंकण्या, मग शांतता, मग पुन्हा. मी खिडकीतून "हाड, हाड" ओरडायचो. आमची ही, लीलाबाई, कुशीवरून म्हणायची, "त्याच्यापेक्षा तुमचाच आवाज मोठा हाये. झोपा गुमान."

मी आधी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले जमादार भले गृहस्थ होते. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री दहाच्या नंतर भुंकते का?"

"नाई जी. दुपारी."

"मंग आमच्या हातात काई नाई. रात्री दहा ते सकाळी सहा असतं त काई पाह्यलं असतं. अन् थे पण लाउडस्पीकरचं हाये. कुत्र्याले परवानगी लागते असं कुठी लिवलं नाई."

"पण शांतता भंग होते ना."

"कोणाची?"

मी "माझी" म्हणालो. ते एवढंसं उत्तर त्या मोठ्या खोलीत फारच केविलवाणं वाटलं. जमादारांनी मला पाणी दिलं आणि गावच्या नगरपंचायत कार्यालयात जायला सांगितलं.

कार्यालयात तक्रार नोंदणीला नीलेश नावाचा मुलगा बसतो. त्याच्या रजिस्टरमध्ये चारच रकाने होते: नाली, दिवे, पाणी, मोकाट जनावरं. मी म्हटलं, मोकाट जनावरांत टाक. तो म्हणाला, "काका, हा त पाळीव हाये. पाळीवाले पहिले मालकाले नोटीस, मंग खुलासा, मंग सुनावणी. दिवाळी होईन. हाव, मालकाची स्वतःची संमती असली त एका दिवसात उचलतो. पण असं कोणता मालक करन?" आम्ही दोघंही यावर हसलो. त्या हसण्याची आठवण आली की अजून माझे कान गरम होतात.

शेवटी तो म्हणाला, "मोहल्ल्यातल्या लोकायच्या सह्या आणा. वजन पडते."

आता सह्या म्हणजे माझा प्रांत. आमच्या गल्लीतला प्रत्येक अर्ज मी लिहितो. खांबावरचा दिवा, तुंबलेली नाली, वाकलेला विजेचा खांब, सगळे माझे मसुदे. त्याची एक पद्धत ठरून गेली आहे. अर्ज मी लिहितो, त्याच्या मागे नुसते आकडे घातलेला सह्यांचा कागद लावतो, आणि हे सगळं बंडूजींच्या किराणा दुकानात काउंटरवर अर्धा किलोच्या वजनाखाली ठेवतो. येणारा-जाणारा सही करतो. अर्ज कोणी वाचत नाही. "अण्णाजीचा हाये ना? मंग आण इकडं," म्हणतात आणि करतात. या विश्वासाचा मला फार अभिमान होता. आपला शब्द लोक तपासून पाहत नाहीत, यापरता मान कोणता, असं मला वाटत असे.

पुरावा हवा म्हणून मी आठवडाभर एक नोंदवही ठेवली. तारीख, वेळ, भुंकण्यांची संख्या, शेरा. मंगळवार दुपारी दोन चाळीस, अकरा भुंकण्या, शेरा: विनाकारण. गुरुवार तीन पाच, नऊ भुंकण्या, शेरा: विनाकारण. सकाळी सव्वाअकरा, सहा भुंकण्या, विनाकारण. झोप तर गेलीच होती. आठवडाभर मी घड्याळ हातात घेऊन सुभेदाराची वाट पाहत बसलो, आणि तो उशिरा भुंकला तर चक्क अस्वस्थ झालो.

बंडूजींनी सल्ला दिला की नुसत्या संख्येने भागत नाही, आवाज मोजला पाहिजे. त्यांच्या मोबाइलवर आवाज मोजण्याचं काहीतरी होतं. ते दुकान सोडून खास आले. सुभेदार भुंकला तेव्हा अडुसष्ट आला. माझ्या कूलरचा एकाहत्तर आला. मी "पाहा, पाहा, भुंकला" असं म्हणालो त्याचा ब्याऐंशी आला.

"अण्णाजी, हे नोका लिवू अर्जात," बंडूजी म्हणाले. मी नाही लिहिलं.

अर्ज मात्र असा लिहिला की लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा मोठ्याने वाचला. "सदर श्वान हा कोणतेही सबळ कारण नसताना वेळी-अवेळी भुंकत असून, त्यामुळे ज्येष्ठ नागरिक, रुग्ण व अभ्यासू विद्यार्थी यांच्या शांततेस गंभीर बाधा पोहोचत आहे." आमच्या गल्लीत अभ्यासू विद्यार्थी नाही. पण वाक्याला तोल लागतो. शोभाबाईंचं नाव मी सभ्यपणे टाळलं, फक्त घर क्रमांक घातला. शनिवारी सकाळी अर्ज वजनाखाली ठेवला, चारला उचलला. तेवीस सह्या! मी त्या मोजल्या. वाचल्या नाहीत. एकतीस वर्षांत न वाचता मी एक कागद पुढे सरकवला नव्हता, आणि हा सरकवला. कार्यालय बंद व्हायच्या आत, दुपारच्या उन्हाचा चटका उतरला नव्हता तोच, जाऊन पोच घेतली.

सोमवारी अकरा वाजता कार्यालयाची गाडी आली. दोन माणसं उतरली, त्यांनी दोरी टाकली, सुभेदार गाडीत. मी पडद्याआडून पाहत होतो. एवढ्या वेगाने आमचं कार्यालय काम करू शकतं यावर माझा विश्वास बसेना. शोभाबाई गाडीमागे अनवाणी नाक्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्या दुपारी गल्लीत शांतता होती. मी दोन ते चार डोळे उघडे ठेवून कूलर ऐकत पडलो.

संध्याकाळी शोभाबाई आमच्या ओट्यावर आल्या. डोक्यावर पदर, हातात कोरा कागद.

"अण्णाजी, सुभेदाराले नेलं जी. कोंडवाड्यात ठेवलं म्हनते. सोडवाचा अर्ज लिवून द्या. तुमच्यासारखं कोणाले लिवता येत नाई."

लीलाबाई आतून पाहत होती. मी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि अर्ज लिहिला. माझ्याच अर्जाविरुद्ध माझाच अर्ज. "सदर श्वान हा स्वभावाने शांत असून" हे वाक्य लिहिताना शाई संपावी असं फार वाटलं. शोभाबाई समोर बसून माझ्याकडे पाहत होत्या. अर्ज घेताना त्या म्हणाल्या, "अन् थो नालीचा अर्ज तुमी देल्ला होता, त्याचं काय झालं जी? मी पण सही केलती."

"कोणता नालीचा?"

"थोच जी. शनवारी बंडूजीकडं होता थो. नाली तुंबली हाये ना आपली, म्हून नालीचाच असन म्हटलं."

शनिवारी बंडूजींकडे एकच अर्ज होता. पण मी म्हणालो, "पाहतो."

मंगळवारी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात होतो. नीलेशने फाइल काढली. तेवीस सह्या. सातव्या क्रमांकावर ठसठशीत अक्षरात शोभाबाई, पुढे घर क्रमांकसुद्धा. तोच घर क्रमांक वर माझ्या अर्जात.

"मालकीनीचीच सही होती काका, मंग कायले थांबतो आमी," नीलेश म्हणाला. "साहेब खूश झाले. म्हने, असे समजूतदार लोक आजकाल कुठी राह्यले. अन् तुमचा मसुदा! साहेबानं पूर्ण स्टाफले वाचून दाखवला."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मसुद्याचं जाहीर वाचन झालं होतं आणि मला खाली बसावंसं वाटत होतं. मी म्हटलं, आता कुत्रा सोड. तो म्हणाला, तसा सोडता येणार नाही. तेवीस जणांनी लेखी सांगितलं आहे की शांततेला गंभीर बाधा आहे. तेवीसच्या तेवीस जणांनी तक्रार मागे घेतली तर साहेब सही करतील. "एवढा जबरदस्त अर्ज हाये तुमचा, थो साध्या अर्जानं नाई तुटाचा."

एवढ्या घरी जाऊन काय सांगायचं? की तुम्ही जिच्यावर सही केली ती नाली नव्हती? माझी हिंमत झाली नाही. मी घरी आलो आणि ठरवलं की चार दिवस थांबू, कार्यालयच कंटाळून कुत्रा सोडेल. त्या दिवशी शोभाबाई पुन्हा ओट्यावर आल्या. "काई समजलं का जी?" मी म्हणालो, "प्रकरण विचाराधीन आहे." त्या थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. बुधवारी सकाळीही आल्या. मी तेच म्हणालो.

बुधवारी साडेअकराला समोरून फट्ट असा आवाज झाला. लीलाबाई धावली, मागे मी. शोभाबाई अंगणात तुळशीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं. आत कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता, वरण छताला लागलं होतं, घरभर जळका धूर होता. शिट्ट्या किती झाल्या असतील देव जाणे. हिने गॅस बंद केला. मी मागून "शोभाबाई! शोभाबाई!" ओरडलो. त्या वळल्या नाहीत. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्या दचकल्या.

घरी आल्यावर मी हिला म्हणालो, "त्यायले ऐकू येत नाई का?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "गल्लीतल्या सगळ्या बायायले मालूम हाये. दोन वर्षं झाले. तुमाले कसं मालूम नाई? समोर राह्यते थे!"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोणाले सांगाचं? गजेंद्रले समजलं त थो तिले पुण्याले नेईन, घर इकून टाकीन. तिले नाई जाचं. म्हून लपवते बिचारी."

मग तिने माझी नोंदवही उचलली. हिला माझ्या नोंदवह्यांत कधी रस नसतो. ती एक एक ओळ बोट ठेवून वाचत गेली. "मंगळवार दोन चाळीस. त्या दिवशी नळ आलता. गुरुवार तीन पाच, नळ आलता. सव्वाअकरा, तिच्या कुकरची वेळ. चार वाजता दूधवाला. हा शुक्रवारी नऊचा, सिलिंडरवाला आलता, मी पाह्यला." तिने वही मिटली. "थो कुत्रा भुंकत नव्हता जी. थो तिले सांगत होता. अन् तुमी लिवलं, विनाकारण."

आठवडाभर घड्याळ लावून मी शोभाबाईंच्या घराचं सगळं वेळापत्रक टिपून काढलं होतं, आणि प्रत्येक ओळीपुढे स्वतःच्या हाताने तो शेरा मारला होता. नमस्काराचंही मग उमगलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही.

संध्याकाळी रुचिका वर्ध्याहून आली. छताकडे पाहून रडवेली झाली. कुकरची बातमी कोणीतरी पुण्याला कळवली होती आणि गजेंद्रचा फोन आला होता. "बाबा रविवारी येऊन राह्यले, आजोबा. म्हणे, आई एकटी राहू शकत नाई हे आता सिद्ध झालं, तिले घेऊनच जातो. सुभेदार असता त काई झालं नसतं. कोणी तक्रार केली असन हो?"

मी म्हणालो, "चौकशी करतो." या वाक्याची मला आजही सगळ्यांत जास्त लाज वाटते.

रविवारच्या आत सुभेदार घरी हवा होता. गुरुवारी सकाळी मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहिला आणि निघालो. या वेळी वजनाखाली ठेवायची सोय नव्हती. एकवीस दारं; एक सही माझीच होती, आणि शोभाबाईंची त्यांच्या सोडवायच्या अर्जावर आधीच होती. प्रत्येक दारात मी उभा राहून सांगत होतो की शनिवारचा अर्ज नालीचा नव्हता, कुत्र्याचा होता, आणि तो मी लिहिला होता.

"पण आमाले त कुत्र्याचा काईच तरास नाई," पहिल्या घरी म्हणाले. दुसऱ्या घरीही तेच. नवव्या घरापर्यंत माझ्या ध्यानात आलं की तेवीस तक्रारदारांत तक्रार असलेला माणूस एकच होता. पुढच्या घरच्या तानाबाईंनी मला दारात उभं करून पूर्ण अर्ज त्यांच्या सुनेकडून वाचून घेतला, मग म्हणाल्या, "पुन्हा वाच व, खालचं बारीक अक्षर पण." खाली बारीक अक्षर नव्हतं. सुनेने तरी शोधलं. तिथून पुढे प्रत्येकाने सहीपुढे "वाचून सही केली" असं लिहिलं. ही कल्पना कोणाची होती माहीत नाही, पण ती माझ्या पुढे पुढे धावत होती. मी सोळाव्या घरी पोहोचलो तेव्हा त्यांनी चष्मा आधीच घालून ठेवला होता.

दुपारी दोन पन्नासला नळाने फुस्स केलं. मी अंथरुणातून उठलो आणि बनियनवरच रस्ता ओलांडला. दुसरं कोण सांगणार होतं? "शोभाबाई! नळ आला!" दार बंद. मी लीलाबाईचा मोठा झारा आणून फाटकावर हाणला. मग खिडकीवर हाणला. मग मागच्या अंगणात जाऊन टिनावर हाणला, तेव्हा पत्र्याच्या थरथरीने त्या बाहेर आल्या. गल्लीतली अर्धी दारं उघडली होती. बंडूजी डोळे चोळत उभे होते, हातात मोबाइल.

"अण्णाजी, एक्क्याण्णव झाला," ते म्हणाले. "झोपू द्या ना बाप्पा. याच्यापेक्षा सुभेदार बरा होता."

शुक्रवारी कुकर आणि दूधवाला हे दोन्ही मीच सांगितले. कुकरच्या वेळी तर मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी वीस मिनिटं शिट्ट्या मोजत उभा होतो. शेजारी पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईने मला हटकलं, की तुम्ही परक्या खिडकीत काय करून राह्यले? मी म्हणालो, "सुभेदाराच्या जागी आहे." त्यांनी दोन पावलं मागे घेतली.

शनिवारी नीलेशने तेवीस सह्या तपासल्या. कोंडवाड्यात गायींच्या मध्ये सुभेदार एका कोपऱ्यात बसला होता. मला पाहून तो भुंकला. रास्त होतं. मी दोरी धरली आणि आम्ही दोघं मेन रोडने, सगळ्या दुकानांसमोरून, चालत घरी आलो. त्याने वाटेत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवारी गजेंद्र आला आणि सकाळपासून आईची परीक्षा घेत बसला. बेल वाजवून पाहिली, सुभेदार भुंकला, बाई दाराशी. कुकर लावला, सुभेदार भुंकला, बाई गॅसशी. दुपारी नळ आला, तो भुंकला, बाईंनी दोन पिंपं भरली. चार वाजता गजेंद्रने परतीचं एकच तिकीट काढलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. तेवढ्यात रुचिका सांगायला आली की संध्याकाळी आजीने अंगणात सगळ्यांना बोलावलं आहे, अण्णाजींचा सत्कार आहे.

सत्कार! मी पोट दुखत असल्याचं सांगितलं. लीलाबाई म्हणाली, "चला. कपडे घाला."

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तेवीसच्या तेवीस घरं आली होती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक विशेष गांभीर्य होतं. गजेंद्र उठून बोलला. अण्णाजींनी पायपीट करून सुभेदाराला सोडवलं, उन्हात उभं राहून आईला सांभाळलं, असे शेजारी आहेत म्हणून मी आईला इथे ठेवून जातो आहे. बंडूजी खाली पाहत होते. शोभाबाईंनी मे महिन्याच्या त्या उकाड्यात माझ्या खांद्यावर लोकरीची शाल घातली आणि हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी हळू. मला त्या सहन होईनात.

"शोभाबाई," मी म्हणालो, "थो अर्ज मी लिवला होता."

"काय म्हन्ता जी?" त्यांनी पदराआड कान पुढे केला.

मी आवाज चढवला. "सुभेदाराच्या विरुद्ध अर्ज मी लिवला होता!"

"कोणी?"

आता इलाज नव्हता. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "मी लिवला होता बाई! तुमची सही मी पाह्यली पण नाई! चूक माझी हाये! तुमी माझ्या ओट्यावर येऊन बसत होत्या अन् मी तोंड उघडलं नाई! मले माफ करा!" पलीकडच्या गल्लीतली माणसं गच्चीवर आली. सुभेदारही उठून उभा राहिला.

शोभाबाईंनी पदर सावकाश कानामागे सारला. तिथे छोटंसं मशीन होतं.

"कालच रुचिकानं बसवून देलं," त्या म्हणाल्या. "मले पहिल्या खेपेलेच ऐकू आलं अण्णाजी. गल्लीले तिसऱ्या खेपेले आलं."

कोणी हसलं नाही. म्हणजे त्या वेळी नाही. गजेंद्र एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. "आई, तुले मालूम होतं?"

"सोमवारी गाडी गेली अन् लगेच बंडूजीनं सांगतलं." त्या माझ्याकडेच पाहत होत्या, रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. "संध्याकाळी अर्ज लिवून घ्यायले आली थे मालूम असूनच आली. अर्ज त रुचिका पण लिवते जी. म्हटलं, इतक्या वर्षाचा शेजारी हाये, आपल्या तोंडानं सांगन. मंगळवारी आली, म्हटलं आज सांगन. बुधवारी आली. तुमी म्हने, विचाराधीन."

 त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

"शाल राहू द्या तुमाले," त्या म्हणाल्या आणि लीलाबाईकडे वळल्या. "चाल व, चहा घे. तुमीबी या अण्णाजी. भाहेर कायले उभे राह्यता."

मी गेलो. शाल अंगावरच होती, घाम कपाळावरून चष्म्यात उतरत होता. त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला, स्वतः समोर बसल्या आणि मी पूर्ण चहा संपवेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिल्या.